भूल, भोंगा आणि व्याही

भुलीचे प्रकार किती आणि कोणते, हे आख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दोनच माणसांना नीट ठाऊक होतं. एक अलिबागचे डॉक्टर टिपणीस आणि दुसरा मी, रावजी. त्यातही डॉक्टरांना ते शिकायला मुंबईत कित्येक वर्षं काढावी लागली. मला एक संध्याकाळ पुरली.

झालं असं, की अलिबागेत डॉक्टरांचं 'शस्त्रक्रिया आणि भूल' या विषयावर जादूच्या कंदिलासह व्याख्यान होतं. मी गेलो होतो कंदील बघायला. पण बसलो आणि रंगलो. शेवटचा थोडा भाग तेवढा राहिला, कारण बाहेर आमचा गाडीवान बैलांवर ओरडत होता, आणि ते ओरडणं बैलांसाठी नाही हे सभेतल्या सगळ्यांना कळलं होतं. मी उठलो. व्याख्यानाच्या शेवटी असून असून काय असणार? आभार. आभारांनीही माणसाला भूल पडते, हे मी पाहिलेलं आहे, पण तो प्रकार डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रकारांत नव्हता.

गावी आल्यावर तेच व्याख्यान मी पारावर दिलं. कंदील नव्हता. त्याऐवजी मी भरतीचं पाणी अडवणारा आमचा खारबांध घेतला, कारण खाडीकाठच्या माणसाला बांधावर घालून सांगितलं की काहीही कळतं.

"असं समजा," मी म्हटलं, "दुखणं म्हणजे भरतीचं पाणी. ते खालून चढत चढत डोक्यात शिरतं. डोक्यात बसलाय आपला राखणदार. पाणी दिसलं की तो बोंब मारतो. आता क्लोरोफॉर्म हुंगवला म्हणजे काय केलं? राखणदारालाच झोपवला. पाणी येतंय, शेत बुडतंय, पण बोंब मारणार कोण? ईथरही तेच करतो, फक्त राखणदाराला आधी खोकवतो, आणि जवळ दिवा असला तर पेटतो. तिसरी, पाठीच्या कण्यातली सुई. ती म्हणजे बांधातली उघाडी, पाण्याचं दार, बंद करणं. फळी खाली टाकली की पाणी कमरेच्या वर येत नाही. राखणदार वर मजेत विडी ओढत बसलाय. आणि चौथी सुई जागच्या जागी टोचतात, गळू कापायला, दात काढायला. ती म्हणजे एकाच वाफ्याभोवती चिखलाचा बांध."

लोकांना पटलं. एका म्हाताऱ्याने तेवढं विचारलं, "रावजी, फळी टाकली त्ये खरं. पन उधाणाला फळी टिकती का?"

"टिकते," मी म्हटलं.

या प्रश्नाचं उत्तर व्याख्यानाच्या शेवटच्या भागात होतं, हे मला पुढे समजलं.

*

ही विद्या मी लोकांच्या भल्यासाठी बाळगली होती. स्वतःवर चालवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. फाल्गुनात बांधाला भगदाड पडलं. एक दगड दोघांनी उचलण्यासारखा होता. मी म्हटलं, "सरा बाजूला." दगड उचलला, नेला, बसवला. दगड जागेवर बसला आणि माझ्या जांघेतलं काहीतरी जागेवरून उठलं.

डॉक्टर टिपणिसांनी तपासलं. "अंतर्गळ. कापून शिवावं लागेल. पावसाळ्याच्या आत उरका."

मला कापण्याची भीती नव्हती. शिवण्याचीही नव्हती. भीती होती बोलण्याची.

आमच्या गावाला ठाऊक आहे, की क्लोरोफॉर्म दिलेला माणूस बोलतो. आणि जे बोलतो ते खरं बोलतो. आमचा शेजारी चांगदेव पायाच्या गळवासाठी क्लोरोफॉर्मखाली गेला आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाला, की लग्न झाल्यापासून आपण रंगूची आमटी निव्वळ भीतीने खातो, तिला मीठच नसतं. रंगू म्हणजे त्याची बायको. ती दाराशीच बसली होती. तेव्हापासून ती आमटीत मीठ घालते ते थेट मिठागरातून खांद्यावर आणल्यासारखं. चांगदेव तीही भीतीने खातो.

त्या दिवसापासून गावात नवी रीत पडली. कुणाला भूल देणार असं कळलं की डबा बांधून, गाडी जोडून माणसं भूल ऐकायला जातात. दुसऱ्या गावी लोक सोंगं बघायला जातात, तसं.

आता तुम्ही म्हणाल, रावजीच्या पोटात असं काय होतं? सांगतो. माझ्या पोटात एकच शब्द होता. तो शब्द म्हणजे 'भोंगा'.

*

माझी मुलगी गोदू. तिचं लग्न खाडीपलीकडच्या बाळाजींच्या येसाजीशी ठरलं होतं. मुलगा मुंबईला गोदीत कामाला, शांत, निर्व्यसनी. गोदूने त्याला एकदा जत्रेत पाहिला आणि त्यानंतर आमच्या घरात दुसऱ्या कुठल्या स्थळाचं नाव काढायची सोय उरली नाही. वैशाखातला मुहूर्त धरला होता.

मुलाचा आवाज सुदैवाने आईवर गेला होता. बाळाजींचा आवाज कुणावर गेला होता ते सांगणं कठीण आहे. जवळचा नातलग धरायचा तर धरमतरची बोट. बाळाजी भजनात गायचे. एकदा रेवसच्या किनाऱ्यावर बसून त्यांनी नुसता सूर लावला, तर बोटीची वाट बघणारी माणसं बोचकी उचलून धक्क्यावर गेली. हे मी पाहिलेलं नाही, पण मला ते खरं वाटतं.

त्यांना 'भोंगा' हे नाव आमच्या गोदूनेच ठेवलं. सून होणार हे ठरायच्या आधी. पुढे ते घरात इतकं रुळलं, की सगुणा, म्हणजे आमची बायको, सरळ विचारायची, "भोंग्याचा निरोप आला का?" आणि मी त्यांची नक्कल करायचो. उजवा हात कानावर, डावा हवेत, डोळे मिटलेले, आणि भोंऽऽऽ. गोदू हसून हसून चुलीपुढे आडवी व्हायची.

बाळाजी माणूस सोन्यासारखा. पण गाण्याच्या बाबतीत नाजूक. येसाजीचं आधीचं एक स्थळ त्यांनी मोडलं होतं, कारण त्यांचं भजन चालू असताना मुलीच्या मामाच्या कानात कापूस दिसला. मामा शपथा घेऊन सांगत होता की तो अत्तराचा फाया आहे. बाळाजी म्हणाले, "दोनी कानांत?"

तर आता माझी पंचाईत लक्षात आली असेल. क्लोरोफॉर्म घेतला तर तो शब्द बाहेर. शब्द बाहेर तर लग्न मोडलं.

"आबा," गोदू म्हणाली, "तुमी तोंड सांभाळा. माज्या जल्माचा प्रश्न हाय."

"अगं, मला भुलीचे सगळे प्रकार ठाऊक आहेत," मी म्हटलं. "मी कण्यातली सुई घेणार. राखणदार जागा."

*

सगुणा मात्र म्हणाली, "सुई की हुंगायचं, ह्ये तुमी ठरवायचं न्हाय. कौल लावू."

आमच्याकडे देवीला विचारल्याशिवाय कुणी बैलसुद्धा घेत नाही. गुरवाने सोमजाईच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं.

"बोला, काय काय विचारायचंय?"

"क्लोरोफॉर्म, ईथर, कण्यातली सुई आणि जागची सुई," मी म्हटलं.

गुरवाने माझ्याकडे पाहिलं. मग देवीकडे पाहिलं. "रावजी, आईला खांदे दोन हायेत."

ईथर वगळला, कारण देवळात दिवा होता. जागची सुई वगळली, कारण सगुणा म्हणाली ती गळवाची, आपल्याला तिचा कमीपणा. उरले दोन. उजवी कळी क्लोरोफॉर्म, डावी कळी कण्यातली सुई.

इतक्यात देवळाच्या दारात बाळाजी उभे. आजाराची बातमी ऐकून खाडी ओलांडून आले होते. "व्याही, मला कळवायचं न्हाय व्हय? मी गाऱ्हाणं घालतो."

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी हात कानावर नेला आणि देवीला हाक घातली.

समई थरथरली. वरची घंटा कुणी न हलवता किणकिणली. आणि दोन्ही कळ्या एकदम खाली आल्या.

गुरव बराच वेळ खाली वाकून बघत राहिला. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं.

"दोनी दिल्या आईनं," तो म्हणाला.

"म्हंजी दोनी घ्यायच्या," सगुणा म्हणाली.

"दोन्ही कशा घेणार?" मी म्हटलं. "उघाडी बंद केल्यावर राखणदाराला झोपवायचं कशाला?"

"त्ये आईला इचारा."

बाळाजी खूश होते. आपल्या आवाजाला देवीने दोन्ही हातांनी दिलं, असं ते बाहेर सगळ्यांना सांगत होते.

*

ठरल्या दिवशी आम्ही अलिबागेला निघालो. माझी गाडी पुढे आणि मागे गाव. रंगू डबा घेऊन आली होती, शिवाय बसायला पोतं. दवाखान्याच्या पडवीत मंडळी अशी बसली, की डॉक्टर टिपणिसांना वाटलं सगळ्यांनाच अंतर्गळ आहे.

"कोणती भूल देणार डॉक्टर?" मी विचारलं.

"तुम्ही विडी ओढता?"

"ओढतो."

"खोकला?"

मी खोकून दाखवला. आयुष्यात इतकं मनापासून मी कधी खोकलो नव्हतो.

"मग हुंगवण्यापेक्षा कण्यातली सुई बरी," डॉक्टर म्हणाले.

मी खिशातल्या विडीबंडलाला मनोमन नमस्कार केला. पडवीत मात्र बातमी पोचली आणि नाराजी पसरली.

"म्हंजी ह्यो जागाच ऱ्हानार?" रंगूचा आवाज आला. "मंग आमी आलो कशाला?"

"डॉक्टर, देवीनं दोनी सांगितल्यात," सगुणाने आठवण दिली.

"बाई, देवीला सांगा की एक पुरेल."

"मला माहीत आहे सगळं, डॉक्टर," मी म्हटलं. "तुमच्या व्याख्यानाला होतो मी. उघाडी, म्हणजे सुई, कमरेखाली सगळं बंद, वर माणूस शुद्धीत."

"अरे वा. शेवटपर्यंत बसला होतात?"

"गाडी निघाली होती."

डॉक्टर काहीतरी सांगणार होते. पण तेवढ्यात बाळाजी आत आले आणि व्याख्यानाचा शेवट दुसऱ्यांदा राहून गेला.

"डाक्टर, मी व्याह्यांच्या उशाशी बसनार."

"आत नातेवाइकांना परवानगी नाही."

बाळाजींनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "व्याही, लग्नाआधीचा पयला मान हाय माजा. तुमी न्हाय म्हना, मी आत्ता खाडी ओलांडतो."

दारातून गोदूचा चेहरा दिसला. तिने ओठ घट्ट मिटले होते आणि डोळ्यांनी हात जोडले होते.

"डॉक्टर," मी म्हटलं, "यांना बसू द्या. नाहीतर अंतर्गळ राहू दे, मी असाच जगतो."

डॉक्टरांनी बाळाजींना साबणाने हात धुवायला लावले, अंगात पांढरा झगा घातला आणि तोंडाला फडकं बांधलं. फडकं बघून मला जरा धीर आला. ते किती पातळ होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

*

उघाडी बंद झाली.

मला गुडघे पोटाशी घेऊन वाकवून बसवलं, कमरेत सुई गेली, आणि थोड्या वेळाने पाय गरम झाले, मग जड झाले, मग माझे राहिले नाहीत. कंपाउंडरने चिमटा काढून विचारलं, "दुखतंय?" मी विचारलं, "कुणाला?" मध्ये पडदा टाकला होता. पडद्याच्या पलीकडे डॉक्टर एका माणसाला कापत होते, आणि तो माणूस मी नव्हतो. माझं व्याख्यान अक्षरशः खरं ठरत होतं. मला पारावरच्या म्हाताऱ्याला बोलावून दाखवावंसं वाटलं.

"व्याही, भ्या वाटतंय?" उशाशी बाळाजी.

"अजिबात नाही."

"वाटत आसंल. मी नाव घेतो देवाचं."

आणि त्यांनी सूर लावला.

वाचकहो, कण्यातल्या सुईत एक मोठी उणीव आहे. तिच्याने पाय जातात आणि कान राहतात. माणूस एरवी अशा वेळी उठतो, काहीतरी काम काढतो, गोठ्यात जातो. माझी कमरेखालची सगळी वाट बंद होती. तोंडाचं फडकं समोर शिडासारखं फुगत होतं आणि त्याच्या मागून ते येत होतं. खिडकीची तावदानं बोलायला लागली. डॉक्टर पडद्यापलीकडून म्हणाले, "जरा हळू." बाळाजींना वाटलं चाल हळू करायला सांगितली. त्यांनी एकेक सूर दुप्पट लांबवला.

अखेर ते थांबले. माझ्या कानाशी वाकले. "व्याही, येक इचारू? भुलीतला मानूस खोटं बोलत न्हाय. आज खरं सांगा. माजा आवाज कसा हाय?"

मी पूर्ण शुद्धीत होतो. माझ्या डोक्यातला राखणदार ताडकन उभा राहिला. मी डोळे अर्धे मिटले, जीभ जड केली आणि भुलीतल्या माणसासारखं म्हटलं, "गोड... फार गोड..."

बाळाजींनी डोळे पुसले. मला वाटलं, जिंकलो. पण खिडकीतून रंगू म्हणाली, "बाळाजीमामा, त्याला अर्धीच भूल हाय. अर्धी भूल म्हंजी अर्धं खरं."

बाळाजींचा हात डोळ्यांवरच थांबला. "व्हय की. म्हंजी अर्धाच गोड?"

"पूर्ण गोड," मी म्हटलं.

"ह्ये पन अर्धंच खरं."

आता यावर काय बोलणार? मी जितकं जास्त गोड म्हणेन त्याचं ते निम्मं करणार. मी गप्प बसलो. आणि गप्प बसल्यावर मला एक गोष्ट जाणवली. पडद्यापलीकडचा माणूस हळूहळू मी होत होता.

आधी कोमट वाटलं. मग मुंगी चावल्यासारखं. मग मुंगळा.

"डॉक्टर," मी म्हटलं, "कोणीतरी उघाडी उघडली."

"उतरतोय अंमल," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "कण्यातल्या सुईचा अंमल ठरावीक वेळच टिकतो. तुमचं काम जरा लांबलं. व्याख्यानाच्या शेवटी सांगितलं होतं मी."

"आता?"

"थोडेच टाके राहिलेत. क्लोरोफॉर्मचे चार थेंब देतो."

"नको," मी ओरडलो. "असंच शिवा. मला काही दुखत नाही. आई गं. हे दुखण्याचं नाही, हे सहज म्हटलं."

"हलू नका."

दारातून सगुणाचा आवाज आला, "बगा. दोनी दिल्या व्हत्या आईनं." तिला इतकं समाधान लग्नानंतर मी पहिल्यांदा दिलं असेन. पडवीत पोती सरकल्याचे आवाज आले. सगळं गाव खिडकीशी आलं.

आणि बाळाजी उशाशी आणखी जवळ सरकले. "द्या, डाक्टर, द्या. पुरी भूल द्या. आता पुरं खरं कळंल."

कंपाउंडरने नाकावर जाळी ठेवली, वर फडकं घातलं. गोडसर वास आला. मी दात आवळले. गोदूचा चेहरा डोळ्यांपुढे धरला. मनाशी पक्कं केलं, की राखणदार झोपला तर झोपू दे, पण जाताना तोंडाचं दार लावून जाऊ दे. बाकी काहीही बोललो तरी चालेल, फक्त एकच गोष्ट तोंडातून काढायची नाही, ती म्हणजे भों

*

(इथे मी नव्हतो. या भागात जे घडलं ते लिहायला माझ्याजवळ काही नाही. पुढचं मी नंतर एकेकाला विचारून गोळा केलं, आणि प्रत्येकाने मला ते तोंड फिरवूनच सांगितलं.)

कंपाउंडर: "पेशंट बोलतात. आपण मनावर घ्यायचं नसतं. पण इथे माझ्या हातातली बाटली सुटता सुटता राहिली."

डॉक्टर टिपणीस: "मी टाके घालत होतो. मला फक्त एवढंच आठवतं, की बाळाजी तर माझ्यासमोर तोंड मिटून बसले होते, मग हा आवाज कुठून येतोय?"

सगुणा: "तुमी शबुद बोलला न्हाय. बोलला आसता तर बरं झालं आसतं."

रंगू: "बोट आली."

मी: "कसली बोट?"

रंगू: "धरमतरची. आदी तुमी घसा खाकरला, त्येंच्यासारका. मंग हात कानावर न्येला, त्येंच्यासारका. मंग जे सुरू झालं, म्या पोतं डोक्यावर घेतलं. आख्खं भजन म्हनलासा, भावजी. येक कडवं सोडलं न्हाय."

गोदूलाही विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत होती की हसत होती ते मला मागून कळेना. बहुतेक दोन्ही. आमच्याकडे त्या दिवशी सगळंच दोन्ही होत होतं.

"आणि बाळाजी?" मी विचारलं.

सगुणा म्हणाली, "तुमचं भजन सपलं. त्येनी झगा काडला, फडकं काडलं, घडी घातली. येक शबुद न बोलता चालत ग्येले. धक्क्याकडं."

*

दुपार तशीच गेली. मला ओकारी येत होती, टाके ओढत होते आणि डोकं उचलायची बंदी होती. कण्यातल्या सुईनंतर डोकं उचललं की ते फुटायला आल्यासारखं दुखतं. हेही व्याख्यानाच्या शेवटी होतं. एवढं सगळं शेवटी ठेवणाऱ्या माणसाला व्याख्यान द्यायला बोलावू नये, असं माझं मत आहे.

पण हे सगळं काहीच नव्हतं. खाटेच्या पायथ्याशी गोदू बसली होती. ती आता हसत नव्हती.

"आबा, त्ये निरोप धाडतील का सोता येऊन मोडतील?"

"मी पाय धरीन त्यांचे," मी म्हटलं. मग आठवलं, की माझे स्वतःचेच पाय अजून पुरते परत आलेले नाहीत. "तू त्यांना सांग, की माझ्या बाच्या डोक्यात क्लोरोफॉर्म गेला होता."

"भुलीतला मानूस खोटं बोलत न्हाय, म्हनतील."

भुलीचे सगळे प्रकार मला ठाऊक होते. त्यातून पोरीचं मोडलेलं लग्न जोडायचा एकही प्रकार नव्हता.

ऊन उतरल्यावर पडवीत गलबला झाला. बाळाजी परत आले होते. एकटे नाही. बरोबर त्यांच्या गावची चारसहा माणसं, आणि बाळाजींच्या काखेत लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी. सगुणाने माझ्याकडे पाहिलं. साखरपुड्याला आम्ही लाल फडक्यातच ओटीचं दिलं होतं. परत करायला आणलं होतं, उघड होतं. गोदू उठून दारामागे गेली.

बाळाजी खाटेपाशी आले. डोळे लाल. मी पडल्या पडल्या हात जोडले. "व्याही, चुकलं माझं..."

"गप रावा." त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक होता. "मला बोलू द्या. पन्नाशी उलटली माजी. लहानपनापासनं गातोय. पन व्याही, मानसाला सोताचा आवाज कदी भायेरून आयकू येत न्हाय. लोक म्हनतात चांगला हाय. तोंडावर म्हनतात. पाटीमागं काय म्हनतात, कोन जाने. माज्या मनात किती वर्षं धाकधूक."

मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"आज आयकला. पयल्यांदा. तुमच्या तोंडून. तीच चाल, तोच दम, तोच सूर. भुलीत. खोटं बोलायची सोय न्हाय अशा टायमाला." त्यांनी बाहीने डोळे पुसले. "किती ग्वाड हाय हो माजा आवाज."

खिडकीत रंगूने तोंडात पदर कोंबला.

"आनि तुमी त्यो पाठ केलाय. काळजात ठेवलाय. मला न सांगता. आसा व्याही कुनाला भेटतो?" त्यांनी लाल फडकं सोडलं. आत पितळी टाळांची जोडी होती. नवी, लखलखीत. "ह्ये आनायला ग्येलो व्हतो. आजपासनं तुमी माज्या जोडीला. लग्नात आपन दोगं गानार. गोदू, सूनबाई, कुटं हायेस? दोनी बाप गानार तुज्या लग्नात."

दारामागून जो आवाज आला त्याला बाळाजी आनंदाचं रडू समजले. समजू देत.

"आता जरा सूर धरू," ते म्हणाले, आणि हात कानावर नेला.

मला डोकं उचलायची बंदी होती.

*

लग्न झालं. वैशाखात, मुहूर्तावर. गोदू सासरी सुखात आहे. येसाजी गोदीतून सुटीवर आला की दोघं संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसतात. घरात तेव्हा आमचा सराव चालू असतो. लग्नात आम्ही दोघं गायलो, तेव्हा वरातीचा घोडा सुटून परत आपल्या गावी गेला असं म्हणतात. मी पाहिलं नाही, मी डोळे मिटून गात होतो. आता खाडीच्या दोन्ही काठांवर आम्हाला नावं आहेत. ते थोरला भोंगा आणि मी धाकटा. थोरल्याला हे अजून कळलेलं नाही. धाकट्याला रोज कळतं.

मागच्या महिन्यात डाव्या जांघेत काहीतरी उठलं. डॉक्टर टिपणिसांनी तपासून विचारलं, "कशात जोर लावता का?"

"गातो," मी म्हटलं.

तर पुन्हा कापायचं आहे. बाळाजींना कळलंय, ते टाळ घेऊन येणार आहेत. डॉक्टरांनी विचारलं की या खेपेला कोणती भूल देऊ. मी म्हटलं, विचार करून सांगतो. पाय राहिले तरी चालतील, दुखलं तरी सोसेन. कान तेवढे बधिर करायची सुई असते का, एवढंच मला पाहिजे. व्याख्यानात तिचा उल्लेख मी ऐकला नव्हता.

असेल तर शेवटी असेल.